किरणोपचार आणि कृत्रिम स्तन : एका भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर

(मंडळाच्या महिला शाखेतर्फे नाहूर येथे भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महिला शाखेच्या चिटणीसबाई व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन माझ्याकडे आल्या, त्या वेळी विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली. आहार, बालसंगोपन, मधुमेह असे सभेत बसून ऐकण्यास सोयीचे विषय पुष्कळ होते. परंतु गेल्या संमेलनातील एक प्रसंग माझ्या मनातून जात नव्हता. भोजनाच्या पंक्ती उठल्यावर एक भगिनी मला मंडपाच्या बाजूस घेऊन गेल्या. त्यांच्या धाकट्या जाऊबाईंना स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेत स्तन काढला होता आणि त्याच वेळी त्या जागी सिलिकोनची पिशवी, म्हणजे ज्याला इम्प्लांट म्हणतात ती, बसविली होती. पुढे तपासणीचा अहवाल आला. काखेतील ग्रंथींतही रोग सापडला, आणि आता किरणोपचार घ्यावेच लागतील असे डॉक्टरांनी सांगितले. इकडे कोणी शेजारणीने सांगून ठेवले होते की, किरणांनी नवा स्तन दगडासारखा होतो. त्या भगिनींनी अगदी हलक्या आवाजात मला विचारले, "डॉक्टरीणबाई, लाईट नाही घेतली तर चालणार नाही का हो?"

त्या वेळी मी एकाच वाक्यात उत्तर दिले : लाईट घेतलीच पाहिजे. पण एका वाक्याने भीती जात नाही. भीतीच्या मुळाशी जे अर्धे सत्य असते ते पुरते सांगितल्यावाचून ती हटत नाही. ते पुरते सत्य सांगण्याचा आज माझा प्रयत्न आहे. विषय स्त्रियांच्या शरीराचा आहे म्हणून येथे बसलेल्या पुरुषमंडळींनी संकोचून उठू नये. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर साक्षीला सही बहुधा त्यांचीच असते.

प्रथम किरणोपचाराविषयी. १८९५ साली राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, १८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियम शोधून काढले, आणि त्यानंतर थोड्याच काळात ही शक्ती कर्करोगावर योजली जाऊ लागली. आपल्या मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले गेले. १९६२ साली त्याची व्यवस्था अणुशक्ती खात्याकडे आली. रुग्णालय आणि अणुशक्ती यांचा काय संबंध, असे एखाद्यास वाटेल. परंतु ज्या किरणांच्या अतिरेकाने मनुष्य मरतो, तेच किरण मोजून-मापून दिले असता मनुष्यास जगवितात. या दोन्ही गोष्टींना मापाची सारखीच गरज आहे, आणि त्यातच हा संबंध आहे.

स्तन काढून टाकल्यावर पुन्हा किरण कशासाठी, हा प्रश्न घरोघर विचारला जातो. शस्त्रवैद्याच्या डोळ्यांना दिसेल तेवढा रोग तो काढतो. न दिसणाऱ्या चार-दोन पेशी छातीच्या कातडीखाली वा काखेत उरल्या असतील, तर त्यांचा बंदोबस्त किरण करतात. काखेच्या ग्रंथींत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत स्तन काढल्यानंतर दिलेल्या किरणोपचाराने रोग त्या जागी परत उद्भवण्याचे प्रमाण घटते, आणि त्या रोगाने होणारे मृत्यूही घटतात. अनेक देशांतील जुन्या-नव्या चाचण्यांचा एकत्र विचार करून २०१४ साली हे पुन्हा एकदा दाखवून देण्यात आले. म्हणून पुढे मी किरणांचे जे दोष सांगणार आहे, ते ऐकताना हा पाया कोणीही विसरू नये. ज्या स्त्रीला किरणांची आवश्यकता आहे, तिच्या बाबतीत प्रश्न प्राणांचा आहे. स्तनाचा आकार त्यानंतर येतो.

आता इम्प्लांटविषयी. सिलिकोनच्या पातळ वेष्टनात दाट चिकट द्रव भरलेली ही पिशवी अमेरिकेत टेक्सास येथे डॉक्टर क्रोनिन व डॉक्टर गेरो यांनी १९६२ साली प्रथम एका स्त्रीच्या शरीरात बसविली. पिशवी बाहेरची, शरीर आपले. शरीराचा स्वभाव असा की, आत आलेली परकी वस्तू बाहेर टाकता आली नाही, तर ते तिच्याभोवती कुंपण घालते. पायात रुतून राहिलेल्या काट्याभोवती कठीण गाठ धरते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. इम्प्लांटभोवतीही शरीर तंतूंचे एक आवरण विणते. हे आवरण प्रत्येक स्त्रीत होते, आणि तो आजार नव्हे. ते पातळ व मऊ राहिले तर स्त्रीला त्याची जाणीवही होत नाही. पिशवी आपल्या जागी राहावी, यासाठी ते उपकारकच असते.

अडचण उद्भवते ती हे आवरण जाड होऊन आवळू लागले म्हणजे. बेकर नावाच्या अमेरिकन शस्त्रवैद्याने या आवळण्याच्या चार पायऱ्या ठरविल्या, आणि आजही डॉक्टरमंडळी त्याच वापरतात. पहिल्या पायरीत स्तन मऊ व स्वाभाविक असतो. दुसरीत हाताला किंचित घट्ट लागतो, परंतु दिसण्यात फरक नसतो. तिसरीत तो घट्ट असतो आणि आकार बिघडल्याचे डोळ्यांना दिसते. चौथीत तो कठीण होतो व दुखतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुधा काही करावे लागत नाही. तिसरी व चौथी या मात्र त्रासाच्या होत, आणि त्यांत पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. शेजारीण म्हणाली तो 'दगड' म्हणजे ही चौथी पायरी होय. अशी पायरी असते हे तिचे म्हणणे खरे. प्रत्येकीला ती गाठावीच लागते हे म्हणणे मात्र खोटे.

किरण या आवरणाला काय करतात? येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. किरणांनी सिलिकोनची पिशवी वितळत नाही, फुटत नाही, की तिच्यात विष उत्पन्न होत नाही. पिशवीमुळे किरण अडून रोगापर्यंत पोहोचत नाहीत, असेही नाही. बदल घडतो तो पिशवीभोवतीच्या जिवंत ऊतींत, म्हणजे कातडी, चरबी, स्नायू आणि ते तंतूंचे आवरण यांत.

हा बदल दोन काळांत होतो. पहिला काळ उपचार चालू असतानाचा व त्यानंतरच्या काही आठवड्यांचा. किरण पेशीच्या गाभ्यातील आनुवंशिक द्रव्याचे धागे तोडतात. ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना हा आघात अधिक बाधतो. कर्करोगाच्या पेशी त्यांपैकीच, आणि म्हणून उपचार लागू पडतो. परंतु कातडीच्या पेशीही नित्य नव्या होत असतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कातडी लाल होते, काळवंडते, कोरडी पडून सोलते, आणि क्वचित काखेच्या वा स्तनाखालच्या घडीत ओलसर चिघळते. हे सारे बहुतेक स्त्रियांत काही आठवड्यांत भरून येते. अलीकडेच शस्त्रक्रिया झालेली कातडी पिशवीवर ताणलेली असेल, तर मात्र जखम उकलणे वा जंतुसंसर्ग होणे यांचा धोका वाढतो.

दुसरा काळ शांतपणे येतो, आणि म्हणून तो अधिक समजून घेतला पाहिजे. उपचार संपल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्या भागातील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या आतून जाड होऊन अरुंद होतात, कित्येक बंदच पडतात. शेतात पाट आहे, पण पाटाला पाणी कमी, अशी तेथील ऊतींची अवस्था होते. त्याच वेळी जखम भरून आणण्याचे काम करणाऱ्या पेशींना शरीराकडून मिळणारा 'विणा, विणा' हा संदेश थांबतच नाही. त्या तंतू विणीत राहतात, आणि त्यांपैकी काही पेशींना स्नायूसारखे आकसण्याचे सामर्थ्य येते. ज्या आवरणाने मऊ पदरासारखे राहावयाचे ते अशा रीतीने जाड होते आणि पिशवीला चोहोंकडून आवळते. पिशवी तीच असते, परंतु आवळलेल्या आवरणात ती गोल, उंच आणि घट्ट होऊन बसते. कातडीही चरबी झिजून पातळ व ताठ होते, आणि तिला इजा झाली तर लवकर भरून येत नाही.

हे किती स्त्रियांत होते? अमेरिका व कॅनडा येथील अनेक रुग्णालयांनी मिळून स्तनाची पुनर्रचना करून घेतलेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांचा दोन वर्षे मागोवा घेतला, आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. इम्प्लांट बसविलेल्या व किरणोपचार झालेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ३९ जणींना काही ना काही गुंतागुंत झाली. किरणोपचार न झालेल्या इम्प्लांटवाल्या स्त्रियांत हे प्रमाण १०० त सुमारे २२ होते. ज्यांची पुनर्रचना फसली, म्हणजे पिशवी काढावी लागली, अशा स्त्रिया किरणोपचार झालेल्यांत १०० त सुमारे १९, आणि न झालेल्यांत सुमारे ४ होत्या. हे आकडे परदेशचे आहेत. आपल्याकडील स्त्रीचे वय, रोगाची अवस्था आणि आर्थिक परिस्थिती वेगळी असते. तथापि त्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. किरणांनी त्रास निश्चित वाढतो, ही एक. आणि किरण घेऊनही १०० तील सुमारे ८० स्त्रियांची पिशवी दोन वर्षांनंतर जागच्या जागी होती, ही दुसरी. भिणाऱ्यांनी पहिली ऐकावी आणि दुसरी विसरावी, असे होऊ नये.

याच अभ्यासातील तिसरा आकडा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्यांचा नवा स्तन पिशवीने नव्हे, तर स्वतःच्याच पोटाच्या वा पाठीच्या मांसकातडीने घडविला होता, त्यांच्यापैकी किरणोपचार झालेल्यांतही पुनर्रचना फसलेल्या स्त्रिया १०० त सुमारे एकच होत्या. हा फरक का पडावा?

याचे उत्तर शोधताना मला आपल्या पुण्याची एक जुनी हकीकत आठवते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन' या मासिकात कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाचा वृत्तांत छापून आला. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा हा मनुष्य टिपूच्या हाती सापडला आणि तेथे त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून तिचे नवे नाक बसविले. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. वृत्तांतात त्या कारागिराचे नाव नाही, केवळ जात आहे : वीट भाजणाऱ्यांच्या जातीचा एक मनुष्य. आपणासारख्या ज्ञातिसंस्थेच्या सभासदांनी या नोंदीपाशी थोडे थांबावे असे मला वाटते. ज्याचे नाव टिपून घेण्याची कोणास गरज भासली नाही, त्याची विद्या पाहून १८१४ साली लंडनमध्ये कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने तशी शस्त्रक्रिया केली, आणि पुढे ती जगभर गेली.

त्या कारागिराची युक्ती अशी की, कपाळाची कातडी त्याने पुरती तोडली नाही. दोन भुवयांच्या मध्ये तिची एक चिंचोळी पट्टी तशीच ठेवली आणि कातडी फिरवून नाकावर बसविली. त्या पट्टीतून रक्त येत राहिले, म्हणून कातडी जगली. नव्या जागी रुजल्यावर, सुमारे पंचविसाव्या दिवशी, त्याने ती पट्टी कापली. तात्पर्य हे की, रोपट्याने आपल्या मुळाची माती सोबत आणली पाहिजे.

आजचे शस्त्रवैद्य पोटाची वा पाठीची मांसकातडी तिच्या रक्तवाहिनीसकट छातीवर आणतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. इटलीतील तान्सीनी यांनी पाठीचा स्नायू छातीवर आणण्याची पद्धत १९०६ साली वर्णन केली. पोटाची कातडी, चरबी व स्नायू वर आणण्याची पद्धत अमेरिकेतील हार्ट्रॅम्फ यांनी १९८२ साली मांडली. आता तर पोटाचा स्नायू शाबूत ठेवून केवळ कातडी व चरबी घेतात आणि तिच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. किरणांनी रक्ताचा पाट आटलेल्या जमिनीत सिलिकोनची पिशवी काहीच घेऊन येत नाही. स्वतःचे मांस मात्र स्वतःचे रक्त घेऊन येते. वर सांगितलेला फरक पडतो तो प्रामुख्याने यामुळे.

तरीपण मांसकातडीची पद्धत म्हणजे सर्व दुःखांवर उतारा, असे मी म्हणणार नाही. ही शस्त्रक्रिया दीर्घ असते, खर्चाची असते, शरीरावर दोन जखमा होतात, आणि पोटाचा स्नायू घेतल्यास पोटाची भिंत दुबळी पडण्याची भीती असते. त्याच अभ्यासात मांसकातडीने पुनर्रचना केलेल्या स्त्रियांतही लहान-मोठी गुंतागुंत किरणोपचार झालेल्या १०० त सुमारे २६ जणींना झाली. नव्या मांसावर नंतर किरण पडले तर तेही काहीसे आक्रसते व घट्ट होते. ज्या स्त्रीच्या पोटावर चरबी नाही, जिला मधुमेह आहे, वा जिला इतका वेळ भूल देणे धोक्याचे आहे, तिला हा मार्ग खुला नसेलही. म्हणून मार्ग कोणता, याचा निर्णय सभेत होत नसतो. तो रुग्ण आणि तिचे डॉक्टर यांनी समोरासमोर बसून घ्यावयाचा असतो. सभेत सांगता येते ते एवढेच की, हा निर्णय कधी घ्यावा.

आणि तो शस्त्रक्रियेच्या अगोदर घ्यावा. माझ्या आजच्या बोलण्याचे सार या एका वाक्यात आहे. त्या जाऊबाईंच्या बाबतीत किरण लागणार हे पिशवी बसविल्यानंतर कळले. कित्येकदा ते आधी निश्चित सांगता येतही नाही, कारण काखेच्या ग्रंथींचा पक्का अहवाल शस्त्रक्रियेनंतरच मिळतो. परंतु शक्यता किती आहे हे पुष्कळदा आधी सांगता येते, आणि त्याप्रमाणे तीन वाटांपैकी एक निवडता येते. पहिली वाट, स्तन काढताना लगेच कायमची पिशवी बसविणे. दुसरी, त्या वेळी केवळ फुगवता येणारी तात्पुरती पिशवी ठेवणे, तिच्यात हळूहळू खारे पाणी भरून कातडी ताणून घेणे, आणि उपचार संपल्यावर ती बदलणे. तिसरी, आधी रोगाचा संपूर्ण उपचार उरकणे आणि पुनर्रचनेचा विचार त्यानंतर काही महिन्यांनी, कातडी निवल्यावर करणे. किरण निश्चित लागणार असतील तर पुष्कळ डॉक्टर तिसऱ्या वाटेचा आणि स्वतःच्या मांसकातडीचा विचार सुचवितात. पहिल्या दोन वाटा निषिद्ध आहेत असे नव्हे, परंतु त्यांचा धोका माहीत असून त्या पत्करणे वेगळे, आणि नकळत त्यांत सापडणे वेगळे.

म्हणून माझ्या भगिनींना माझी विनंती अशी. शस्त्रक्रियेच्या तारखेआधी तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. मला किरण लागण्याचा संभव किती? ते लागले तर या पिशवीचे वा या मांसकातडीचे काय होईल? आणि मी आज पुनर्रचना केली नाही तर ती पुढे करता येईल का? हे प्रश्न शस्त्रवैद्यास विचारावेत आणि किरणोपचाराच्या डॉक्टरांसही विचारावेत. त्या दोघांची गाठ रुग्णामुळे शस्त्रक्रियेच्या अगोदर पडली, तर पुढचे पुष्कळ क्लेश वाचतात.

काही गोष्टी रुग्णाच्या स्वतःच्या हाती आहेत. आपल्याकडे पान-तंबाखू खाणाऱ्या आणि पहाटे उठून मिशरी लावणाऱ्या स्त्रिया अजूनही आहेत. मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातील निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते, आणि ज्या ऊतींना किरणांमुळे आधीच रक्त कमी, त्यांना ते आणखी उपाशी ठेवते. 'मी काही विडी ओढीत नाही' एवढ्याने भागत नाही, मिशरीचा डबाही बंद झाला पाहिजे. रक्तातील साखर आटोक्यात ठेवली पाहिजे. किरण चालू असताना त्या जागी हळद, लेप, बाम, तेल, गरम पाण्याची पिशवी यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू नये, सैल सुती कपडे घालावेत, आणि हाताचे व्यायाम शिकविले असतील ते नेमाने करावेत. पिशवीवरची कातडी एकाएकी लाल व गरम झाली, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागले, किंवा कातडी चकाकत पातळ होऊ लागली, तर दुसऱ्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उपचार संपून वर्षे लोटल्यावर स्तन घट्ट होऊ लागला किंवा अचानक सुजला, तरी तो दाखवावा. प्रत्येक घट्टपणा म्हणजे रोग परतला असे नव्हे, आणि प्रत्येक घट्टपणा म्हणजे केवळ आवरण आवळले असेही नव्हे. हा भेद डॉक्टरांनीच करावयाचा आहे.

आशेच्याही गोष्टी आहेत. पूर्वी सर्रास ५० ग्रे एवढी मात्रा २५ वेळा विभागून पाच आठवड्यांत दिली जाई. इंग्लंडमधील मोठ्या चाचण्यांनंतर ४० ग्रे मात्रा १५ वेळा, म्हणजे तीन आठवड्यांत, देण्याची पद्धत रूढ झाली. मात्र पुनर्रचना झालेल्या स्त्रियांना ती सोसेल का, अशी शंका होती. अमेरिकेत सोळा व पंचवीस वेळांची तुलना करणाऱ्या चाचणीचे जे निष्कर्ष २०२४ साली मांडण्यात आले, त्यांत दोन्ही पद्धतींत पुनर्रचनेची गुंतागुंत जवळपास सारखीच आढळली. यंत्रेही सुधारली आहेत, आणि आता किरणांची मात्रा त्या भागावर पूर्वीपेक्षा अधिक सारखी पसरविता येते. इटलीतील रिगोत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखविले की, रुग्णाच्याच शरीरातील चरबी शोषून किरणांनी कडक झालेल्या जागी टोचली असता तेथील ऊती पुष्कळ सुधारतात. अनेक ठिकाणी शस्त्रवैद्य आता या पद्धतीचा उपयोग करतात.

आता थोडे कटू बोलते. आपल्या याच स्मरणिकेत वधू-वरांची माहिती छापली जाते, आणि त्या पानांची भीती मी कित्येक घरांत पाहिली आहे. आईच्या स्तनात गाठ आहे हे कळले तर मुलीचे लग्न अडेल, म्हणून गाठ पदराखाली झाकली जाते. घरातल्या दोन-तीन स्त्रियांना, विशेषतः कमी वयात, हा रोग झाला असेल, तर आनुवंशिकतेविषयी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु स्तनाचे बहुतेक कर्करोग घराण्याकडून येत नाहीत. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाल्याचा जागतिक अंदाज आहे. भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. त्यात सर्व जाती आल्या आणि सर्व घराणी आली. हा कलंक कोणाचा समजावयाचा?

आणि या लपवाछपवीचा आजच्या विषयाशी निकटचा संबंध आहे. सुपारीएवढी गाठ वेळेवर दाखविली, तर पुष्कळदा स्तन वाचवून केवळ गाठ काढता येते. त्यानंतर बहुधा किरण घ्यावे लागतात, परंतु पिशवीचा प्रश्नच उरत नाही. तीच गाठ वर्षभर झाकून ठेवली की ती वाढते, काखेत उतरते, स्तन काढावा लागतो, किरणही घ्यावे लागतात, आणि मग पिशवी बसवावी की न बसवावी, ती आवळेल की फुटेल, या सर्व चिंता एकदम दाराशी येतात. आवरण आवळण्याची सुरुवात कधी कधी रुग्णालयात होत नाही. ती घरात, गप्प बसण्यात होते.

नवा स्तन नको असे म्हणणारी स्त्रीही पूर्ण स्त्रीच असते, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण ती येते. पुनर्रचना न करता कपड्याच्या आत बसविण्याचा बाहेरचा कृत्रिम स्तन वापरणे हा सन्मानाचा आणि सुरक्षित मार्ग आहे. उलट, पुनर्रचना हवी असे म्हणणाऱ्या स्त्रीला 'या वयात नखरे कशाला' असे कोणी ऐकवू नये. आरशासमोर उभे राहावयाचे तिला आहे. पतीने एवढेच म्हणावे की, तू बरी हो, पुढचे तुझ्या इच्छेप्रमाणे पाहू.

शेवटी मंडळासाठी दोन शब्द. नाहूर हे भांडुप आणि मुलुंड यांच्यामधले लहानसे स्थानक. येथून धीम्या गाडीने परळला जाता येते. परंतु किरणोपचार म्हणजे एक दिवसाची फेरी नव्हे. आठवड्याचे पाच दिवस, तीन ते पाच आठवडे, कातडी सोललेल्या अवस्थेत गर्दीच्या गाडीतून जावयाचे आणि यावयाचे. मधल्या फेऱ्या चुकविल्या तर उपचाराचा जोर कमी होतो. कित्येक स्त्रिया यंत्राच्या भीतीने नव्हे, तर सोबतीवाचून खाडे करतात. परगावच्या रुग्णांसाठी दादरला गाडगेमहाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. ज्यांनी त्या उभारल्या त्यांनी कोणाची जात विचारली नाही. आपणास इमारत बांधावयाची नाही. तीन आठवडे पाळीपाळीने सोबत जाणाऱ्या पंधरा भगिनींची यादी जरी महिला शाखेने केली, तरी ते मोठे काम होईल. आणि ती सोबत ज्ञातीबाहेरच्या शेजारणीलाही मिळावी.

त्या जाऊबाईंनी पुढे किरण घेतले. नवा स्तन थोडा घट्ट झाला आहे, बेकरच्या भाषेत दुसरी पायरी. त्या मला परवा भेटल्या आणि हसून म्हणाल्या, "दगड नाही झाला हो, कच्च्या पेरूएवढा झालाय." पुढे आणखी काय होईल ते आताच कोणी सांगू नये. त्यांची तपासणी चालू आहे आणि त्या तारीख चुकवीत नाहीत. आज त्या या सभेत दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. ओळख करून देण्याची परवानगी मी मागितली नाही आणि मागणारही नाही. परंतु ज्या दिवशी अशी भगिनी कोणी न विचारता आपण होऊन उभी राहील आणि आपल्याला खाली बसविण्यासाठी कोणी पदर ओढणार नाही अशी तिची खात्री असेल, त्या दिवशी या मंडळाने खरे कार्य केले असे मी समजेन.